जोडणी तोडल्याने चोरी थांबेल काय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये हैदराबादच्या पोलिसांनी 'आयबोम्मा' हे चोरट्या चित्रपटांचे संकेतस्थळ चालविल्याच्या आरोपावरून एका इसमास अटक केली. मुंबई-पुण्याच्या वाचकाला ही परप्रांतातील एक किरकोळ बातमी वाटली असेल. सिरोंच्यात ती घरची बातमी होती. प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमाजवळच्या या तालुक्यावर राज्य महाराष्ट्राचे असले, तरी घराघरांत बोली तेलुगूची आहे. सोयरीक पैलतीरावरची, बाजार पैलतीरावरचा, आणि करमणूकही पैलतीरावरचीच. जिल्ह्याचे ठिकाण येथून दोनशे किलोमीटरांहून दूर, आणि तेथवरचा जंगलातला रस्ता कसा आहे हे त्या रस्त्याने आलापल्लीपर्यंत गेलेल्या कोणाही कारकुनास विचारावे. नवा तेलुगू वा मराठी चित्रपट येथे पोहोचतो तो बहुधा हातातल्या मोबाईलच्या काचेवर, आणि तो तेथे कोणत्या वाटेने आला याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

अशा अटकेनंतर एक विचार हटकून डोके वर काढतो. चालविणारा पकडला, आता पाहणाऱ्यांचेही इंटरनेट बंद करा. दोन-तीनदा ताकीद द्या आणि तरी ऐकत नसेल तर जोडणी तोडा. वीजचोरी करणाऱ्याची तार कापतात, मग चित्रचोरी करणाऱ्याची का नको? वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. परदेशांत त्याचे कायदेही झाले. आपल्याकडे तसा कायदा नाही, परंतु त्याच वळणाने जाणारी पावले गेल्या काही वर्षांत पडू लागली आहेत. म्हणून तो विचार तपासून पाहणे अगत्याचे आहे. आणि तपासायचा तर तो मुंबईच्या कचेरीत बसून न तपासता सिरोंच्यासारख्या गावाच्या मोजमापाने तपासावा, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे.

लेखकाचा, कलावंताचा, निर्मात्याचा आपल्या कृतीवरील हक्क खोटा आहे असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती निघते हजार-पाचशे प्रतींची. त्यातल्या एका प्रतीची छायाचित्रे काढून कोणी ती व्हॉट्सॲपवर सोडली, की 'ज्ञानप्रसार' म्हणून ती पुढे धाडणाऱ्यांत शिक्षक-प्राध्यापक आघाडीवर असतात. लेखकाच्या हाती येणाऱ्या तुटपुंज्या मानधनातून हा ज्ञानप्रसार चालतो याची खंत त्यांना वाटत नाही. २०१६ साली 'सैराट' चित्रपटगृहांत गर्दी खेचीत होता, तेव्हाच त्याची चोरटी प्रत मोबाईलच्या दुकानांतून मेमरी कार्डावर भरून मिळत होती. त्या चित्रपटाने मराठीत उत्पन्नाचा उच्चांक केला म्हणून ती चोरी क्षम्य ठरत नाही. ज्या निर्मात्याच्या नशिबी तसा उच्चांक नसतो, त्याचे काय होत असेल याची कल्पना त्यावरून करावी.

परंतु कायदे अपुरे आहेत म्हणून चोरी होते, हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. मूळ कॉपीराइट कायदा १९५७ चा. व्हिडिओ कॅसेटींचा सुळसुळाट झाला तेव्हा, १९८४ मध्ये, त्यातील शिक्षा कडक करण्यात आल्या. सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद त्यात आहे. महाराष्ट्र शासनाला तेवढ्याने समाधान वाटले नाही. झोपडपट्टीगुंड, हातभट्टीवाले इत्यादिकांना खटल्यावाचून स्थानबद्ध करण्यासाठी १९८१ मध्ये जो कायदा झाला होता, त्यात २००९ साली 'व्हिडिओ पायरेट' ही नवी जात समाविष्ट करण्यात आली. चोरट्या तबकड्या विकणाऱ्यास हातभट्टीवाल्याच्या पंक्तीला बसवून वर्षभरापर्यंत स्थानबद्ध ठेवता येते, हे पुष्कळ वाचकांना ठाऊकही नसेल. त्यानंतर २०२३ साली केंद्राने सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती केली. चित्रपटगृहात चोरून चित्रण करणाऱ्यास कमीत कमी तीन महिने व जास्तीत जास्त तीन वर्षे कैद, आणि किमान तीन लाखांपासून चित्रपटाच्या एकूण निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड. शंभर कोटींच्या चित्रपटाबाबत हा आकडा पाच कोटींवर जातो. कायद्याचे दात तर पुरेसे तीक्ष्ण आहेत. प्रश्न आहे तो ते कोणाच्या अंगात रुतणार, हा.

या दुरुस्तीचे समर्थन करताना चोरीमुळे चित्रपटव्यवसायाचे वर्षाला वीस हजार कोटी रुपयांपर्यंत नुकसान होते, असा आकडा केंद्रीय माहिती व नभोवाणी खात्याने दिला होता. असे आकडे वाचताना थोडे सावध राहावे. चोरून पाहिलेला प्रत्येक खेळ म्हणजे बुडालेले एक तिकीट, असा हिशेब मांडला तर तो सिरोंच्यात तरी लागू पडत नाही. ज्याला तिकीट काढण्यासाठी जिल्हा ओलांडावा लागला असता, त्याने ते काढलेच नसते. चोरी ती चोरीच. पण नुकसान मोजण्याची ही रीत व्यापाऱ्याच्या वहीत चालणार नाही.

फ्रान्सचा प्रयोग

जोडणी तोडण्याचा प्रयोग सर्वांत गाजावाजा करून फ्रान्सने केला. २००९ साली तेथे 'हादोपी' या नावाने ओळखली जाणारी यंत्रणा कायद्याने निर्माण झाली. चोरट्या गाण्यांची वा चित्रपटांची देवघेव करताना एखादा आयपी पत्ता आढळला, की त्या पत्त्याच्या ग्राहकास पहिली ताकीद, मग दुसरी, आणि तिसऱ्या खेपेस त्याचे इंटरनेट बंद, अशी ती योजना होती. हे सारे ती यंत्रणाच करणार. न्यायाधीशाचा त्यात संबंध नव्हता. त्याच वर्षी १० जून रोजी तेथील घटना परिषदेने हा अधिकार रद्द ठरविला. १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात आजच्या काळी इंटरनेट वापरण्याचे स्वातंत्र्यही येते आणि ते हिरावून घ्यायचे तर न्यायाधीशानेच घेतले पाहिजे, असा तो निर्णय होता. सरकारने मग न्यायालयामार्फत तोडण्याची तरतूद करून दुसरा कायदा केला.

पुढे काय झाले ते मनोरंजक आहे. २०१२ साली पहिला दंड झाला तो एका कारागिराला, दीडशे युरो. गाणी उतरविली होती त्याच्यापासून विभक्त होऊ घातलेल्या बायकोने, आणि तिने ते कबूलही केले होते. पण जोडणी नवऱ्याच्या नावावर. ती सांभाळली नाही हा त्याचा अपराध! जोडणी तोडण्याची शिक्षा प्रत्यक्षात एकाच इसमाला ठोठावण्यात आली, जून २०१३ मध्ये, पंधरा दिवसांपुरती. आणि पुढच्याच महिन्यात सरकारने ती शिक्षाच कायद्यातून काढून टाकली. इंग्लंडने २०१० मध्ये असाच कायदा केला, तेथे तोडण्यापर्यंत मजल गेलीच नाही. न्यूझीलंडने २०११ च्या कायद्यात सहा महिने जोडणी खंडित करण्याचे कलम घातले आणि ते अमलात न आणता तसेच ठेवले. हे देश चोरांचे कैवारी खचित नव्हेत. तरीही त्यांना माघार घ्यावी लागली, कारण ही शिक्षा करावयास लागणारा मूळ पुरावाच डळमळीत आहे.

तो पुरावा म्हणजे आयपी पत्ता. हा शब्द ऐकताच घराच्या पत्त्यासारखे काही तरी डोळ्यांपुढे येते, आणि घोटाळ्याची सुरुवात तेथेच होते. घराचा पत्ता घराला चिकटलेला असतो. हा पत्ता म्हणजे कंपनीने काही काळापुरता दिलेला बिल्ला. आज तुमच्याकडे, उद्या दुसऱ्याकडे. मोबाईलच्या इंटरनेटवर तर एकच बाहेरचा पत्ता एकाच वेळी शेकडो ग्राहकांत वाटलेला असतो. कोणत्या क्षणी तो कोणाकडे होता, हे कंपनीच्या नोंदवहीवरून ठरवायचे, आणि ती नोंद एका वेळेच्या चुकीने, एका आकड्याच्या चुकीने भलत्याच माणसाकडे बोट दाखवू शकते.

ही भीती काल्पनिक नाही. २००७ च्या ऑगस्टमध्ये पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्यास अटक केली. 'ऑर्कुट' या संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांची विटंबना केल्याचा आरोप त्याच्यावर होता. आधार होता आयपी पत्त्याचा, आणि तो पत्ता कोणाचा हे इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीने पोलिसांना कळविले होते. ती माहिती चुकीची होती. हे उमगून सुटका होईपर्यंत त्या निरपराध तरुणाचे सुमारे पन्नास दिवस येरवड्याच्या तुरुंगात गेले. गुन्हा गंभीर, लोकक्षोभ मोठा, तपास पोलिसांचा, न्यायालयाचे दार उघडे. तरीही हे घडले. मग गाणे-सिनेमा उतरविल्याच्या हजारो किरकोळ तक्रारी एखाद्या यंत्राने आपोआप नोंदवायच्या आणि त्यांवरून जोडण्या तोडायच्या ठरल्या, तर किती निरपराध माणसे त्यात भरडली जातील याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आता ही शिक्षा सिरोंच्यात आणून पाहू. येथे जोडणी एका माणसाची नसते. बापाच्या नावावरचे सिमकार्ड, ते घातलेला मोबाईल थोरल्या मुलाच्या हातात, त्यावर रात्री धाकटीचा अभ्यास, आणि शेजारच्या घरात रेंज येत नसली तर शेजाऱ्याचेही काम त्यावरच. शिष्यवृत्तीचा अर्ज 'महाडीबीटी'वर, सातबारा महाजालावर, रास्त भाव दुकानातील अंगठ्याचे यंत्रही त्याच तारेवर. २०२५ पासून अकरावीचा प्रवेशसुद्धा राज्यभर ऑनलाइन झाला, तेव्हा तालुक्याच्या टोकाच्या गावातील मुलामुलींना महाविद्यालयाच्या दाराआधी संगणक-केंद्राचे दार गाठावे लागले. अशा ठिकाणी तीनदा चित्रपट उतरविल्याबद्दल जोडणी तोडणे म्हणजे मुलाच्या अपराधासाठी घराचे रेशन आणि मुलीचे शिक्षण थांबविणे होय. पुण्यात एक जोडणी तुटली तर घरात दुसऱ्या तीन असतात. ज्याच्याकडे एकच आहे, त्याला ही शिक्षा तिप्पट बसते.

विजेच्या तारेशी तुलना येथे फसते. वीजचोराची तार कापतात ती त्याने विजेचेच पैसे बुडविलेले असतात म्हणून. चित्रपट उतरविणाऱ्याने इंटरनेटचे पैसे रोख भरलेले असतात. त्याने बुडविले ते निर्मात्याचे. दुकानातून उधारी न देता माल नेणाऱ्याचा गावातला रस्ता कोणी बंद करीत नाही.

केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये, वसतिगृहात मोबाईल वापरण्यावरून काढून टाकलेल्या एका विद्यार्थिनीच्या अर्जावर निकाल देताना, इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या व खासगी जीवनाच्या हक्काचाच भाग मानला. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने, इंटरनेटद्वारे होणारी अभिव्यक्ती घटनेच्या १९ व्या कलमाखाली संरक्षित आहे आणि ते बंद ठेवण्याचे हुकूम प्रमाणशीर असले पाहिजेत, प्रसिद्ध झाले पाहिजेत, असे सांगितले. दंगलीच्या भयाने अमरावतीत २०२१ साली व कोल्हापुरात २०२३ साली इंटरनेट बंद झाले होते, त्या वेळी शहरी मध्यमवर्गास या निकालांचा अर्थ जरा जवळून कळला असेल. दंगलीसारख्या संकटातही जो उपाय इतका जपून करावयाचा, तो सिनेमाच्या चोरीसाठी सहज कसा वापरता येईल?

दारावरचा फलक

जोडणी तोडण्याचा मार्ग आपण धरलेला नाही, परंतु दुसरा मार्ग धरला आहे. चोरट्या मालाची संकेतस्थळेच बंद करावयाची. तत्त्वतः हा मार्ग अधिक न्याय्य आहे, कारण त्यात निदान दुकान बंद होते, गिऱ्हाइकाचे घर नव्हे. तथापि तो कसा राबविला जातो हे पाहिले म्हणजे चिंता वाटते. २०१२ साली मद्रास उच्च न्यायालयाने एका तामीळ चित्रपटाबाबत 'अज्ञात इसमां'विरुद्ध मनाई हुकूम दिला. इंटरनेट कंपन्यांनी त्याचा अर्थ असा लावला, की देशभर काही मोठी संकेतस्थळे सरसकट बंद पडली; त्यांतली काही अगदी सचोटीची होती. न्यायालयाला पुढच्याच महिन्यात खुलासा करावा लागला, की बंदी विशिष्ट पानापुरती आहे, अख्ख्या संकेतस्थळावर नाही.

याहून जिव्हारी लागणारी घटना ऑगस्ट २०१७ ची. दोन हिंदी चित्रपटांच्या निर्मात्यांनी त्याच न्यायालयाकडून मिळविलेल्या हुकुमांत दोन हजारांहून अधिक संकेतस्थळांची जंत्री होती, आणि त्या जंत्रीत 'इंटरनेट आर्काइव्ह'चेही नाव होते. जुन्या, दुर्मिळ, कॉपीराइटची मुदत कधीच संपलेल्या मराठी पुस्तकांचा फार मोठा साठा या विनामूल्य ग्रंथसंग्रहात आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याची पुस्तके सर्वांची होतात. साने गुरुजींची पुस्तके २०११ च्या आरंभापासून अशीच मुक्त झाली आहेत. सिरोंच्यातील शिक्षकाने गुरुजींचे पुस्तक मुलांना वाचून दाखविण्यासाठी तेथून घेतले तर त्यात चोरी कसली? पण कोण्या हिंदी चित्रपटाचे तिकीट बुडू नये म्हणून त्या ऑगस्टमध्ये काही दिवस त्या ग्रंथालयाला टाळे लागले. ते का लागले, कोणी लावले, याचा दारावर धड फलकही नव्हता.

मुंबई उच्च न्यायालयाने याबाबत जी दृष्टी दाखविली ती महाराष्ट्राला भूषणावह आहे. जुलै २०१६ मध्ये 'ढिशूम' या चित्रपटाच्या निर्मात्यांनी अशीच सरसकट बंदी मागितली, तेव्हा न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती दिली नाही. आधी प्रत्येक दुवा तपासा, त्यावर खरोखरच चोरीचा माल आहे याची खात्री पटवा, शपथेवर सांगा, मग त्या दुव्यापुरती बंदी मिळेल. शिवाय बंद केलेल्या पानावर कोणत्या हुकुमान्वये ते बंद झाले आणि ज्याला हरकत घ्यावयाची आहे त्याने कोठे घ्यावी, हे लिहिलेले असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यानंतर वारे फिरले. एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सतत नावे बदलणाऱ्या लबाड संकेतस्थळांसाठी 'चल' स्वरूपाच्या मनाई हुकुमाची वाट मोकळी केली. त्यामागे कारण होते. आज बंद केलेले दुकान उद्या नव्या पाटीने उघडते हे खरेच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मात्र केंद्र सरकारने याच्या पुढचे पाऊल टाकले. माहिती व नभोवाणी खाते आणि चित्रपट प्रमाणन मंडळ यांतील अधिकारी नेमून, तक्रार आल्यापासून ४८ तासांत चोरटा चित्रपट उतरविण्याचा हुकूम देण्याचा अधिकार त्यांना दिला. न्यायालयाची पायरी वगळली गेली. ज्याचे पान बंद व्हायचे त्याची बाजू या ४८ तासांत कोण ऐकणार?

निनावी वाटसरू

चोरीविरोधी कायद्याच्या चर्चेत आणखी एका वर्गावर संशय घेतला जातो. तो म्हणजे आपली ओळख झाकून इंटरनेट वापरणाऱ्यांचा. 'टॉर' हे अशा निनावी जाळ्यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव. कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे निरोपावर एकावर एक आवरणे घालून तो तीन निरनिराळ्या संगणकांमार्फत पुढे पाठविला जातो. पहिल्याला निरोप कोणाकडून आला ते कळते, शेवटच्याला तो कोठे जायचा ते कळते. दोन्ही गोष्टी मात्र कोणा एकाला कळत नाहीत. ही युक्ती चोरांच्या अड्ड्यावर निघालेली नाही. १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन-प्रयोगशाळेत ती जन्मली. तिच्या आडोशाने दुष्कृत्ये होतात हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चित्रपटचोराला ती सोयीची नाही. या वाटेने वेग मंद असतो, आणि मोठमोठ्या फायली येथून ओढू नका, अशी विनंती ते जाळे चालविणारे स्वतःच करीत आले आहेत. आयबोम्मासारखी स्थळे पाहणारा सामान्य माणूस असले काही वापरीत नाही. तो सरळ मोबाईलवर नाव टाकतो आणि पाहतो.

तोडण्याच्या कायद्याचा फटका मात्र या जाळ्याला सर्वांआधी बसतो. कारण शेवटचा संगणक ज्या स्वयंसेवकाचा, त्याचाच आयपी पत्ता बाहेरच्या जगाला दिसतो. दूर कोठे तरी कोणी केलेल्या अपराधाची नोटीस त्याच्या दारी येते. तीन नोटिसा, की त्याची जोडणी गेली. पोस्टमनच्या पिशवीत निनावी धमकीचे पत्र सापडले म्हणून पोस्टमनलाच कामावरून काढण्यासारखे हे आहे.

निनावीपणाची एवढी काळजी कशाला, सज्जनाला लपविण्यासारखे काय असते, असा प्रश्न वाचकांपैकी काही जण करतील. मराठी वाचकाला त्याचे उत्तर शोधावयास दूर जावे लागत नाही. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रात शतपत्रे लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकर होते, आणि त्यांनी ती 'लोकहितवादी' या नावाच्या आडून लिहिली. आपल्याच समाजाची इतकी परखड झडती स्वतःच्या सहीने घेणे त्या काळी सोपे नव्हते. आजही वृत्तपत्रांकडे येणाऱ्या पत्रांत नाव न छापण्याची विनंती करणारी पत्रे असतातच. ती लिहिणारे बहुतेक शिक्षक आणि कारकून असतात, आणि त्यांतली तक्रार बहुधा खरी असते.

सिरोंच्याला तर याचे महत्त्व जिवाच्या मोलाचे आहे. १९८० च्या सुमारास नक्षलवादी प्राणहिता ओलांडून या भागात आले. तेव्हापासून चार दशके येथील माणूस दोन बंदुकांच्या मध्ये राहिला. पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या नुसत्या संशयावरून नक्षलवाद्यांनी गावकऱ्यांचे बळी घेतले. दुसऱ्या बाजूने, त्यांना भाकरी दिल्याच्या संशयावरून पोलिसांच्या चौकशीचा ससेमिराही लागत असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या वरिष्ठ नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा एक पर्व संपत आल्याची भावना जिल्ह्यात झाली. परंतु कोण कोणाशी बोलला, कोणी कोणाला काय लिहिले, हे कोणाला कळू नये अशी चार दशकांची सवय एका शरणागतीने जात नाही. आश्रमशाळेतील गैरप्रकार, ठेकेदाराची अफरातफर, रेतीची चोरटी वाहतूक यांबद्दल येथून कोणी वरिष्ठांना किंवा वृत्तपत्राला कळवू पाहील, तर त्याला आपले नाव झाकण्याची सोय हवी असणे अगदी स्वाभाविक आहे.

सरकारचा कल मात्र उलट दिशेचा आहे. संगणक-सुरक्षेचे काम पाहणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी हुकूम काढला, की 'व्हीपीएन' ही ओळख झाकणारी सेवा पुरविणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता आणि सेवा घेण्याचे कारणसुद्धा पाच वर्षे जपून ठेवावे. परिणामी काही नामांकित परदेशी कंपन्यांनी आपले संगणक भारतातून हलविले. चोर त्यामुळे अडला नाही, तो परदेशी वाटेने गेला. अडचण झाली ती नियमाने वागू इच्छिणाऱ्याची. न्यायालयाने मनात आणले तर निनावी चोरही सापडतो, हे त्याच वर्षी दिसून आले. स्पर्धापरीक्षांची शिकवणी घेणाऱ्या दिल्लीच्या एका शिक्षिकेची पुस्तके व व्याख्याने 'टेलिग्राम'वर सर्रास वाटली जात होती. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती वाटणाऱ्यांची माहिती न्यायालयापुढे ठेवण्यास त्या कंपनीला भाग पाडले. एक फिर्याद, ठराविक आरोपी, न्यायाधीशाचा हुकूम. ही रीत मंद आहे खरी, पण ती वाटेल त्याला फटका देत नाही.

शेवटी थोडे विद्यार्थ्यांविषयी. त्यांना चोर ठरविणे सर्वांत सोपे असते. 'साय-हब' या संकेतस्थळावरून संशोधन-लेख फुकट उतरवून घेतले जातात, आणि तीन परदेशी प्रकाशकांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ते बंद करण्याचा हुकूम दिला. २०११ साली स्थापन झालेल्या गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाशी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये जोडलेली आहेत. तेथे वडधमच्या जीवाश्मांवर किंवा माडिया बोलीवर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने एकेका लेखासाठी दोन-तीन हजार रुपये मोजावेत, अशी अपेक्षा कोणी गंभीरपणे करीत असेल असे वाटत नाही. त्याला चोरीची वाट धरावी लागू नये म्हणून काय करता येते, याची दोन उदाहरणे आपल्याच देशात आहेत. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानावर परदेशी प्रकाशकांनी केलेला दावा २०१६ साली फेटाळला गेला. अध्यापनासाठी पुस्तकांतील भागांच्या प्रती काढण्यास कायद्यातच मुभा आहे, असे न्यायालयाने म्हटले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने 'एक राष्ट्र एक वर्गणी' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये खर्चून तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली करण्याची ती योजना आहे. संकेतस्थळ बंद करणाऱ्या कोणत्याही हुकुमापेक्षा चोरी कमी करण्याचे काम अशा योजनेने अधिक होईल. तिची मेख एकच, की 'सरकारी संस्था' या शब्दांत खेड्यापाड्यांतील खासगी अनुदानित महाविद्यालये बसतात की नाही. ती बसविली पाहिजेत.

एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नक्षलग्रस्त भागांतील २,३४३ ठिकाणचे जुने मोबाईल टॉवर नव्या पिढीच्या तंत्रावर नेण्यासाठी दोन हजार चारशे कोटींवर रक्कम मंजूर केली. माणसे जोडली जावीत म्हणून एक खाते एवढा पैसा ओतते. दुसऱ्या खात्याने त्याच माणसांवर काही बंदी घालायचीच झाली, तर तिला निदान तीन अटी असाव्यात. बंदी न्यायालयाने घालावी, ती नेमक्या पानापुरती असावी, आणि बंद पानावर हुकुमाचा क्रमांक, न्यायालयाचे नाव व हरकत घेण्याची रीत मराठीतही छापलेली असावी. 'ढिशूम'च्या निकालाने २०१६ सालीच हे बरेचसे सांगून ठेवले आहे. त्यात सिरोंच्यापुरती एक भर घालावीशी वाटते. येथून उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ साडेतीनशे किलोमीटरांहून दूर आहे आणि पावसाळ्यात रस्ता केव्हा बंद पडेल याचा नेम नसतो. जुलै २०२२ च्या पुरात तालुक्यातील अनेक गावे पाण्याखाली होती. तेव्हा हरकतीचा अर्ज तहसील कचेरीत स्वीकारून पुढे धाडण्याची व्यवस्था व्हावी, आणि त्यावर निर्णय होईपर्यंत अर्जदाराची जोडणी कोणत्याही कारणाने तोडली जाऊ नये, असे नियमांत स्पष्ट शब्दांत लिहावे.